झोपेतील उपचार आणि अमानत

इशाच्या नमाजनंतर घाटंजीतील एक कापूस उत्पादक गृहस्थ माझ्याजवळ थांबले. त्यांच्या वृद्ध अम्मींना विस्मरणाचा आजार आहे. मुलाला त्या कधी आपला भाऊ समजतात, कधी परका. रात्री झोपेत डोक्यावर प्रकाश सोडणारी टोपी घातली की मेंदू सुधारतो, असे त्यांनी मोबाईलवर पाहिले होते. त्यासाठी व्याजाने रक्कम काढावी लागणार होती. “अम्मीला सांगून कळणार नाही, झोपल्यावरच घालू. पण घेतली नाही, तर अल्लाहसमोर मी गुन्हेगार ठरेन का, इमामसाहेब?”

प्रथम वस्तुस्थिती पाहू. २०१३ मध्ये मायकेन नेदरगार्ड यांच्या संशोधनात असे दिसले की, झोपेत उंदरांच्या मेंदूतील टाकाऊ द्रव्ये अधिक वेगाने वाहून जातात. २०१६ मध्ये अमेरिकेतील एमआयटीत ली-ह्युई त्साई यांच्या पथकाने उंदरांना सेकंदाला ४० वेळा लुकलुकणारा प्रकाश दाखवला आणि अल्झायमरशी निगडित प्रथिन घटल्याचे नोंदवले. ही दोन्ही सूत्रे जोडली की कल्पना मोहक वाटते. परंतु २०२३ मध्ये ग्यॉर्गी बुझाकी यांच्या प्रयोगशाळेला तो परिणाम उंदरांतही पुन्हा आढळला नाही. प्रकाशाने माणसाचा हा रोग परततो, असे अद्याप सिद्ध झालेले नाही. लुकलुकत्या प्रकाशाने काही अपस्माराच्या रुग्णांना झटका येऊ शकतो, हेही विसरू नये.

पैगंबर मुहम्मद (स.) यांनी उपचार करण्यास सांगितले, आणि त्याच हदीसमध्ये वार्धक्याला अपवाद ठरविले. ‘फतावा आलमगीरी’त हानी टाळणाऱ्या साधनांचे तीन प्रकार आहेत : भाकरी-पाण्यासारखी निश्चित, औषधासारखी संभाव्य आणि केवळ कल्पित. निश्चित साधन प्राणभय असताना सोडणे हराम; संभाव्य साधन सोडल्यास गुन्हा नाही. ही टोपी आज संभाव्यतेच्या पायरीवर तरी आहे का, याचीच मला शंका वाटते. तिच्यासाठी व्याजाचे पाप ओढवून घेणे ही विवशता नव्हे.

संमतीचा प्रश्न अधिक कठीण आहे. बुद्धी हरपलेल्यावरून आणि झोपलेल्यावरून हिशेबाची लेखणी उचलली जाते, हे आपण जाणतो. पण उचलली जाते ती जबाबदारी, प्रतिष्ठा नव्हे. कोणी म्हणेल, तान्ह्या बाळाला विचारून लस टोचतो का? नाही टोचत. परंतु तेथे लाभ सिद्ध आहे आणि तो बाळाचा आहे. येथे लाभ कोणाचा? ‘मी काहीच केले नाही’ असे नातेवाईक म्हणू नयेत, म्हणून तर आपण आईच्या उशाशी यंत्र लावत नाही ना? पवित्र कुरआनने सूरह अन-नबामध्ये निद्रेला विश्रांती म्हटले आहे. दिवसभर अनोळखी जगात भांबावलेल्या त्या मातेला तेवढाच एक आसरा उरला असेल.

उद्या एखाद्या डॉक्टरने रीतसर चाचणीत, धोके समजावून विचारले, तर पालक म्हणून मुलाने होकार द्यावा, असे मी म्हणेन. मात्र तिने हाताने टोपी दूर सारली, तर तो तिचा नकार मानावा.

मी त्यांना यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात तपासणीसाठी जाण्यास सुचविले. विस्मरणाची काही कारणे, जसे थायरॉईड किंवा जीवनसत्त्वाची उणीव, औषधाने दूर होतात. मग विचारले, रात्री त्या शांत झोपतात का? ते म्हणाले, तहज्जुदच्या वेळी उठतात, कोरड्या हातांनीच वुजू करतात आणि विचारतात, अब्बा आले का?

“त्या वेळी जवळ कोण असते?”

ते बराच वेळ मशिदीच्या पायरीवर बसून राहिले.