गौरीहरापाशी

हे गौरी, तांदळाच्या राशीवर तू बसली आहेस आणि तुझ्यासमोर पाटावर मी. मामानं दिलेली पिवळी साडी अंगावर आहे, कपाळाला मुंडावळ्या आहेत. चारी कोपऱ्यांत उतरंडी रचल्या आहेत आणि त्यांना सूत गुंडाळलं आहे. चिमूट चिमूट अक्षता तुला वाहायच्या, मनातल्या मनात मागत राहायचं आणि मामा न्यायला येईपर्यंत उठायचं नाही, असं मला सांगितलं आहे. पहाटेपासून कोणी ना कोणी मला हाताला धरून कुठे ना कुठे नेतं आहे. पुण्याहवाचन झालं, नाणी पडल्याची आणि फोटोवाल्याच्या सूचनांची गडबड झाली, नाकातली नथ दोनदा सैल झाली. आता या खोलीचं दार लोटून सगळे मंडपाकडे गेलेत. आजच्या दिवसातला एवढाच वेळ तुझा आणि माझा आहे, म्हणून जे मागायचं ते आत्ताच मागते.

काय मागायचं तेही मला आजीनं सकाळी कानात सांगून ठेवलं आहे. अखंड सौभाग्य माग आणि दारी येईल त्याला आयुष्य माग. दारी येणाऱ्याचं आयुष्य मी मनापासून मागते. सगळ्यांना दे. मुठीत अक्षता घेऊन ताटकळलेल्या पाहुण्यांना दे, मागच्या बाजूला पहाटे चारपासून मठ्ठ्याचं ताक घुसळणाऱ्यांना आणि जिलब्या तळणाऱ्यांना दे, सनईवाल्या आजोबांना दे. पण पहिलं मागणं ओठाशी येऊन अडतं. का अडतं ते तुला ठाऊक आहे. तरी सांगते, कारण हे मी आजवर एका माणसाखेरीज कोणाजवळ बोललेलं नाही.

तुझी ही मूर्ती माझ्या आईची आहे. तिच्या लग्नात आजीनं तिला दिली आणि तिच्याबरोबर तू आमच्या घरी आलीस. माझ्यासाठी नवीन अन्नपूर्णा घेऊ या, असं एकानं सुचवलं होतं. लक्ष्मी रस्त्यावर चांदीच्या पेढ्यांना काय तोटा? हीच का नको, ते कोणी उघड बोललं नाही, पण मला कळलं. मी म्हटलं, मला आईचीच हवी. म्हणजे माझ्याच वयाची असताना, अशीच पिवळी साडी नेसून आई तुझ्यापुढे बसली होती. तिनं काय मागितलं ते तू ऐकलं आहेस. तिनं बाबांचं आयुष्य मागितलं. रोज सकाळी देवपूजेत मागितलं, वटपौर्णिमेला मागितलं, हरतालिकेला मागितलं. आणि 2021 च्या एप्रिलमध्ये, करोनाच्या लाटेत, पुण्यात खाटा मिळत नव्हत्या, प्राणवायू मिळत नव्हता, तेव्हा तर तिनं जेवणखाण सोडून मागितलं. बाबा गेले. वैकुंठ स्मशानभूमीत आम्हांला शेवटचं पाहताही आलं नाही.

मी तुझ्यावर रागावलेली नाही गौरी. त्या महिन्यात या शहरात किती घरांतून माणसं गेली, हे आम्ही रुग्णवाहिकांच्या आवाजांवरून रात्रभर मोजत होतो. तू एका घराला वाचवावंस आणि शेजारच्याला नाही, असं मी कसं म्हणू? पण मला एक विचारायचं आहे. मागणं आईचं होतं, नेणं कोणाच्याच हातात नव्हतं, मग त्याचा दोष तिच्या कपाळावर कसा आला? तिला कोणी वाईट बोललं नाही. आमच्याकडे बोलत नाहीत. टाळेबंदीत तर घरी यायलाही कोणी नव्हतं, त्यामुळे कुंकू पुसायला, बांगड्या उतरवायला कोणी पुढं झालं नाही. तिचं तिनंच सगळं डब्यात घालून ठेवलं. पुढे सणसमारंभ सुरू झाले. हळदीकुंकवाचं तबक तिच्यापाशी आलं की धरणारीचा हात किंचित वळायचा आणि पुढच्या बाईकडे जायचा. मी हे पाहिलं आहे. आणि काही दिवसांनी आई तबक यायच्या आधीच उठून पाणी आणायला जाऊ लागली. ते मला जास्त लागलं.

म्हणून माझ्या ओठाशी मागणं अडतं. अहेव जाण्याचं वरदान मी मागणार नाही. मी आधी जावं म्हणजे मी सुटले, आणि मागे उरेल तो एकटा, हे मागणं मला प्रेमाचं वाटत नाही. ज्याच्या गळ्यात मी थोड्या वेळात हार घालणार आहे त्याला आयुष्य दे, भरपूर दे, निरोगी दे. मलाही दे. आम्हांला एकमेकांचे पांढरे केस पाहू दे. पण कधीतरी दोघांपैकी एकजण मागे राहणार, हे आज लग्नाच्या दिवशी तुझ्यासमोर मी म्हणते. मागे उरेल त्याचं दुःख दुःखच राहू दे, त्याचा अपशकुन होऊ देऊ नकोस. मी उरले तर माझ्या कपाळावर कुंकू असो, आणि माझ्या मुलीच्या लग्नात मला पाणी आणायला उठावं लागू नये.

हे मागणारी या शहरातली मी पहिली नाही, हे मला गेल्या काही दिवसांत फार जाणवलं. खरेदीसाठी तुळशीबागेतून लक्ष्मी रस्त्याकडे चालताना आई मला तिची शाळा दाखवायची, हुजूरपागा. ती म्हणायची, 1884 साली ही शाळा निघाली ती रानड्यांसारख्या माणसांमुळे. आणि मला रमाबाई आठवायच्या. 1873 च्या अखेरीस याच पुण्यात अकरा वर्षांची यमुना कुर्लेकर बोहल्यावर उभी राहिली आणि रमाबाई रानडे झाली. तिचे पती माधवराव रानडे विधवाविवाहाचे कैवारी. पहिली पत्नी वारल्यावर त्यांनी विधवेशी लग्न करावं, अशी सगळ्यांची अपेक्षा होती; पण वडिलांच्या शब्दापुढे त्यांना नमावं लागलं. त्या गोष्टीत माधवरावांच्या मनाची घालमेल पुष्कळांनी लिहिली आहे. मला ती मुलगी दिसते, गौरीहरापाशी बसलेली, मुंडावळ्यांतून इकडेतिकडे पाहणारी. तिनं तुझ्याकडे काय मागितलं असेल? आणि मला ती दुसरीही दिसते, जिचं नाव कोणालाच माहीत नाही, जिच्या दारी ते स्थळ जायला हवं होतं आणि गेलं नाही. रमाबाई पुढे माधवरावांकडून शिकल्या, मोठ्या झाल्या. 1901 मध्ये त्यांच्याही वाट्याला वैधव्य आलं. आठ वर्षांनी त्यांनी पुण्यात सेवासदन उभं केलं, आणि कितीतरी बायका तिथे शिकून स्वतःच्या पायांवर चालत बाहेर पडल्या.

त्याच 1873 च्या डिसेंबरात, पंचवीस तारखेला, जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांच्या पुढाकारानं राधा नावाच्या मुलीचं सीताराम आल्हाट यांच्याशी पुण्यात लग्न लागलं. भटजीवाचून लागलेलं ते पहिलं सत्यशोधक लग्न. पुढे जोतीरावांनी जी मंगलाष्टकं रचली त्यांत नवरी गप्प उभी नसते. ती नवऱ्याला बायकांच्या हक्कांचं विचारते आणि त्याला सगळ्यांसमोर शपथ घ्यावी लागते. मला आज तसं बोलण्याचं बळ दे. मला मोठ्यानं काही म्हणायचं नाही. पण सप्तपदीच्या एकेका पावलाला माझं हो मला ऐकू यायला हवं.

आणि गोदूबाई. गौरी, तिच्यासाठी मी मूठभर अक्षता वेगळ्या वाहते. देवरुखच्या जोशांची ही लेक आठव्या वर्षी विधवा झाली. लग्न म्हणजे काय ते कळायच्या आत तिचं सगळं काढून घेतलं गेलं. पंडिता रमाबाईंनी 11 मार्च 1889 ला मुंबईत शारदा सदन काढलं, तिथे ती पहिली विधवा विद्यार्थिनी म्हणून गेली. सदन पुण्यात आलं, तीही आली. आणि बरोबर चार वर्षांनी, 11 मार्च 1893 ला, फर्ग्युसनमध्ये गणित शिकवणाऱ्या धोंडो केशव कर्व्यांशी तिचं पुण्यात लग्न झालं. पंचविशी उलटलेली, सगळं समजून उमजून उभी राहिलेली नवरी. त्या दिवशी ती तुझ्यापुढे बसली होती का, तिला कोणी बसू दिलं का, हे तूच जाणतेस. पण ज्या बाईला सारा गाव अपशकुनी म्हणत होता तिच्या कपाळावर त्या दिवशी पुन्हा कुंकू लागलं. कर्व्यांच्या गावानं, मुरूडनं, दोघांना वाळीत टाकलं. तिनं ते सोसलं, संसार केला, कर्व्यांनी विधवांसाठी काढलेल्या आश्रमासाठी वर्गणी मागत फिरली, आणि म्हातारपणी सगळं लिहून ठेवलं. आज संध्याकाळी मी ज्या घराचं माप ओलांडणार आहे ते घर कर्वेनगरात आहे, हिंगण्याच्या त्याच आश्रमाजवळ. मला हा तुझा कौल वाटतो.

आणि तरी अजून तबक वळतंच. बाबांनंतर वर्षानं, 2022 च्या मे महिन्यात, शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीच्या दिवसांत, कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावानं ठराव केला. कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं गावात बंद. सरकारनंही परिपत्रक काढून इतर गावांना तसं करायला सांगितलं. मी ती बातमी आईला वाचून दाखवली. ती ऐकत भाजी निवडत राहिली आणि म्हणाली, "बरं झालं हो, त्या बायकांचं." त्या बायकांत तिनं स्वतःला धरलंच नव्हतं.

परवा चुडा भरायला कासारीण घरी आली. आजी, काकू, आत्या, मावशा, सगळ्यांचे हात भरून झाले. आई चहाचे कप गोळा करत होती. कासारणीनं काही न विचारता तिचा हात धरला, मांडीवर घेतला आणि हिरव्या बांगड्या चढवायला लागली. "लेकीचं लग्न आहे ताई, मोकळा हात कसा चालेल?" खोलीत कोणी बोललं नाही. आईनं हात मागे घेतला नाही. तुझी मी फार ऋणी आहे, कारण आमच्यापैकी एकालाही जे इतकी वर्षं सुचलं नाही ते तू त्या बाईच्या हातून केलंस. तिला सुखी ठेव. तिच्या डोक्यावरची ती पेटी हलकी कर, तिच्या मुलांना शिकव.

आता खरं मागणं. लग्न लावायला आलेल्या आमच्या पुरोहित काकू ज्ञान प्रबोधिनीत पौरोहित्य शिकलेल्या. त्यांनी आईला सरळ विचारलं, "विधीला तुम्हीच बसाल ना?" काका-काकूंची तयारी होतीच, रीतही तीच. पण काका म्हणाले, "वहिनी, तुम्हीच बसा. दादाच्या जागी सुपारी ठेवू." आई हो म्हणाली आहे. तरी तिला मी ओळखते. मंडपात पाचशे डोळे आहेत. ऐन वेळी ती मागे सरेल, म्हणेल, माझ्यामुळे लेकीच्या सुखाला दृष्ट नको. गौरी, त्या क्षणी तिच्या पाठीशी उभी राहा. माझ्या हातावर पाणी सोडताना तिचा हात स्थिर असू दे. तिनं मला एकटीनं या दिवसापर्यंत आणलं आहे. नोकरी केली, घराचे हप्ते फेडले, मला शिकवलं, बाबांच्या औषधांची जुनी बिलं अजून फाईलमध्ये लावून ठेवली आहेत. तिच्याहून सवाष्ण हात मला ठाऊक नाही. ओटीही पहिली तिनंच भरावी. ज्यांना हे रुचणार नाही त्यांचं मन कडू होऊ देऊ नकोस. तीही माझीच माणसं आहेत, त्यांनी माझे लाड केले आहेत, आणि त्यांच्यातल्या आत्याला तर मी जाताना सर्वांत जास्त रडू येणार आहे.

बाबांना सांग, कसब्याच्या गणपतीला आणि तांबड्या जोगेश्वरीला पहिली अक्षत आईनं स्वतः ठेवली. सांग की जावई कमी बोलतो पण ऐकतो. हळदीच्या रात्री मी त्याला फोनवर हे सगळं बोलून दाखवलं, तेव्हा तो बराच वेळ गप्प होता आणि मग म्हणाला, "आईंना नमस्कार आधी करू, मग बाकीच्यांना." त्याच्या या शब्दाला जन्मभर जप.

सनई थांबली. मंगलाष्टकांची तयारी झाली वाटतं. मामाच्या चपलांचा आवाज जिन्यात आहे, म्हणून भरभर मागते. तुला मी आज बरोबर नेते आहे. नव्या घरी चैत्रात तुला झोपाळ्यात बसवीन, आंब्याची डाळ करीन, पन्हं करीन. सासूबाईंना विचारलं आहे, त्यांनी आनंदानं होकार दिला. त्या हळदीकुंकवाचं पहिलं बोलावणं आईला. मग आमच्या जुन्या सोसायटीतल्या त्या तिघींना, ज्यांची माणसं बाबांच्याच महिन्यात गेली. मग घरी कामाला येणाऱ्या मावशींना. आणि ज्यांनी अशा ठिकाणी यायचं आपणहून कधीच सोडून दिलं, त्यांच्या दारी मी स्वतः जाईन, हात धरून बोलवीन. त्या येतील असं कर.