शिकलेल्यावर हक्क कोणाचा?

विद्यापीठात शिकायला गेलेल्या मुलामुलींना कधी ना कधी एक वाक्य ऐकावे लागते. ‘आम्ही तुझ्यासाठी एवढे केले.’ कधी ते मायेने म्हटलेले असते, कधी रागाने. कधी कोणी काही बोलत नाही, तरी ते घरात वावरत असते. या वाक्याला उत्तर काय द्यायचे, हा प्रश्न वरवर घरगुती वाटतो. आम्हाला मात्र तो शिक्षणाविषयीचा एक मूळ नैतिक प्रश्न वाटतो. जो शिकला त्याच्यावर हक्क कोणाचा? त्याचा स्वतःचा, त्याच्या घराचा, की ज्यांना शिकता आले नाही त्यांचा?

आम्ही मालेगावचे. यंत्रमाग बारा-बारा तासांच्या पाळीत चालतात आणि शुक्रवारी बंद असतात, अशा गावातले. दहावीपर्यंतचे आमचे सगळे शिक्षण उर्दूतून झाले. २०१० साली इतिहास विषयात एम.ए. करण्यासाठी आम्ही पुणे विद्यापीठात गेलो. (२०१४ मध्ये त्याला सावित्रीबाई फुले यांचे नाव मिळाले.) पहिले काही महिने वर्गात आम्ही गप्पच बसलो. उत्तर येत नव्हते असे नाही. ते आधी उर्दूत सुचायचे, मग मराठीत आणावे लागायचे, आणि तोवर सर पुढच्या मुद्द्यावर गेलेले असायचे. घाईत वही उघडायची तर हात अजूनही उर्दू वहीच्या सवयीने उलट्या बाजूकडे जायचा. सोबतची मुले हसायची, पण त्या हसण्यात दुष्टावा नव्हता. पुढे जयकर ग्रंथालयात त्यांच्याच शेजारी बसून आम्ही नोट्स काढल्या, त्यांच्याच वह्यांवरून मराठी शुद्धलेखन सुधारले. ज्याला विद्यापीठाचे जीवन म्हणतात ते आम्हाला वर्गापेक्षा अशा शेजारातच अधिक भेटले.

पहिल्या सत्रात आम्हाला वसतिगृहात खोली मिळाली नव्हती. अशा वेळी मुलगा दुसऱ्याच्या खोलीत राहतो. त्याला तिथे ‘पॅरासाइट’ म्हणतात. शब्द क्रूर आहे, पण मुले तो सहज, हसत वापरतात. ज्याच्या खोलीत आम्ही राहिलो तो बीड जिल्ह्यातला. आईवडील ऊसतोड मजूर. दिवाळीनंतर ते कोयता घेऊन बाहेर पडत, आणि मागे राहिलेली जनावरे सांभाळण्यासाठी त्याच्या धाकट्या भावाने सातवीतच शाळा सोडली होती. दुसरा सोबती लातूरकडचा. त्याच्या प्रवेशासाठी वडिलांनी जमीन गहाण टाकली होती. आमच्या घरी आमची थोरली बहीण, आपा, सातवीनंतर घरी बसवली गेली होती. अम्मीसोबत ती कारखान्यातले सूत घरी आणून कांड्या भरायची. आमच्या परीक्षेची फी त्या कांड्यांमधून निघायची. एके रात्री जेवणानंतर बोलता बोलता हे सगळे एकमेकांना सांगून झाले आणि आमच्या लक्षात आले की त्या खोलीत पॅरासाइट एकटे आम्ही नव्हतो. ज्याच्या नावावर खोली होती तोही कुणाच्या तरी जागेवरच राहत होता.

हे केवळ गरिबांच्या मुलांपुरते खरे आहे असे समजू नये. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन देताना महात्मा फुले यांनी हाच हिशेब मांडला होता. सरकारी तिजोरी भरते ती मुख्यतः शेतकऱ्याच्या घामातून, आणि तिच्यातून खर्च होतो तो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर. शेतकऱ्याचे मूल मात्र प्राथमिक शाळेपर्यंतही पोहोचत नाही, अशी त्यांची तक्रार होती. पुढे परिस्थिती बदलली, पण हिशेबाचे सूत्र तेच राहिले. सरकारी विद्यापीठात विद्यार्थी जी फी भरतो तेवढ्यात विद्यापीठ चालत नाही. उरलेला भार लोकांच्या कराचा असतो, आणि दुकानातून साबणाची वडी घेणारी बाईही कर भरते. तेव्हा वर्गातल्या प्रत्येक बाकावर एक दिसणारा विद्यार्थी असतो आणि मागे एक न दिसणारा माणूस असतो. प्रश्न एवढाच की त्या न दिसणाऱ्या माणसाशी आपले नाते कोणते?

समाजात याची दोन उत्तरे प्रचलित आहेत. पहिले उत्तर उपकाराचे, म्हणजे आमच्या भाषेत एहसानाचे. घरच्यांनी उपकार केला, आता मुलाने मान खाली घालून राहावे. नोकरी ते सांगतील ती, लग्न ते सांगतील तिथे, आणि मतही त्यांचेच. मुलींच्या बाबतीत हे उत्तर अधिक कडक होते. ‘शिकू दिले, हेच खूप’ असे म्हणत जी मुलगी विद्यापीठात पाठवली, तिने परत येऊन एखादी शंका विचारली की शिक्षणालाच दोष दिला जातो. पण विद्यापीठ शिकवते तरी काय? पुरावा मागायला, दुसरी बाजू ऐकायला, मोठ्याचे म्हणणेही तपासायला. ज्या गोष्टीसाठी मुलाला पाठवले ती शिकून तो आला म्हणून त्याला कृतघ्न म्हणायचे, हा न्याय नव्हे. आज्ञाधारकपणाच हवा असेल तर त्यासाठी कुणाची शाळा सोडवायची गरज नव्हती.

दुसरे उत्तर कर्जाचे. शिकलेल्याने नोकरी धरावी, घरी पैसे पाठवावेत, बहिणीचे लग्न लावून द्यावे, आणि हिशेब मिटला म्हणावे. हे उत्तर पहिल्यापेक्षा स्वच्छ आहे. पण यात घेतलेली वस्तू एक आणि परत केलेली दुसरी, असा घोटाळा आहे. आपाकडून घेतले ते पैसे नव्हते. तिची आठवी, नववी, दहावी घेतली गेली. ती वर्षे कोणत्या पगारातून परत करणार?

या संदर्भात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे उदाहरण विचार करण्यासारखे आहे. १९१३ मध्ये बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर ते कोलंबिया विद्यापीठात गेले. शिक्षणानंतर दहा वर्षे बडोदा संस्थानात नोकरी करायची, असा करार त्यांनी लिहून दिला होता. १९१७ मध्ये करार पाळण्यासाठी ते बडोद्याला गेलेही. पण त्या शहरात अस्पृश्याला राहायला जागा मिळेना, कचेरीत अपमान होई, आणि त्यांना परतावे लागले. म्हणजे कागदावरचे ऋण कागदावर लिहिल्याप्रमाणे फिटले नाही. मग ते वाया गेले का? १९४५ मध्ये त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले आणि १९५० मध्ये औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय सुरू झाले. शिष्यवृत्ती आली होती बडोद्यातून. तिचे फळ मिळाले ते कोकणातल्या आणि मराठवाड्यातल्या अशा मुलांना, ज्यांचा त्या करारात उल्लेखही नव्हता. काही देणी ज्याच्याकडून घेतली त्याच्याकडे परत जात नाहीत. ती पुढे जातात.

तेव्हा उपकार नाही आणि कर्जही नाही, तर मग काय? आम्हाला वाटते, हक्क. हा शब्द उर्दूत आहे आणि मराठीतही आहे. उर्दूत ‘हक़’ म्हणजे सत्य असाही अर्थ आहे. आपाची शाळा हा तिचा हक्क होता. तो तिच्याकडून काढून आमच्या पदरात टाकला गेला. आमच्या घरात या गोष्टीला ‘कुर्बानी’ म्हणत. फार सुंदर शब्द, पण इथे तो लागू पडतो का? काही वर्षांपूर्वी, आम्ही नोकरीत कायम झाल्यावर, आपाला सरळ विचारले, ‘तुला तेव्हा काय वाटले होते?’ ती भाजी निवडत होती. म्हणाली, ‘बुरा लगा था. किसी ने पूछा ही नहीं था.’ आवाजात तक्रार नव्हती. कुणी तारीख विचारावी आणि सांगावी, तसे तिने सांगितले.

आमच्या मते सगळा नैतिक प्रश्न त्या वाक्यात आहे. त्याग तो, जो माणूस स्वतः करतो. ज्याला विचारलेच नाही त्याने त्याग केला असे म्हणणे म्हणजे त्याच्याकडून घेतलेल्या वस्तूवर सुंदर कापड टाकणे होय. आम्ही तेव्हा आठ वर्षांचे होतो, निर्णय आमचा नव्हता. म्हणून आम्ही गुन्हेगार ठरत नाही. अब्बांनाही गुन्हेगार म्हणवत नाही. दोघांची वह्या-पुस्तके आणि घरभाडे एकाच पगारात बसत नव्हते. पण गुन्हा नसला तरी हक्क संपत नाही. तो कुणाकडे तरी येणे म्हणून उभाच राहतो. आम्ही आपाला विचारले, ‘आता काय देऊ?’ ती म्हणाली, ‘मुझे क्या देगा? मेरी वाली को स्कूल से निकलने मत देना.’ तिने स्वतःचे येणे स्वतःकडे मागितले नाही, मुलीच्या नावावर लिहून दिले.

कोणी म्हणेल, अशाने विद्यार्थ्याच्या मानेवर जन्मभराचे ओझे बसेल. तरुणाने मोकळेपणाने शिकावे की प्रत्येक घासाला कुणाची आठवण काढावी? आक्षेप योग्य आहे. अपराधी भावनेने शिकणारा मुलगा धाडस करीत नाही. तो सुरक्षित विषय घेतो, प्रश्न विचारत नाही, लवकर नोकरीला लागतो. अशाने ज्याची जागा घेतली त्याचेही नुकसानच होते. म्हणून आम्ही अपराधाची नव्हे, हिशेबाची भाषा करतो आहोत. ज्याच्या जागेवर आपण बसलो त्याची जागा नीट वापरणे, म्हणजे वाचणे, वाद घालणे, मत बदलण्याची तयारी ठेवणे, हा हिशेबाचा पहिला भाग. आणि पुढची जागा कुणाला उठवून रिकामी केली जाऊ नये म्हणून झटणे, हा दुसरा. पहिल्या भागासाठी विद्यार्थ्याला मोकळीक हवी, आणि ती घराने द्यायला हवी. दुसरा भाग त्याने आपण होऊन उचलायला हवा.

२००६ च्या सच्चर समितीच्या अहवालाने सांगितले होते की देशातल्या नामांकित महाविद्यालयांत पदवीच्या पंचवीस विद्यार्थ्यांमागे एक मुस्लिम आहे आणि पदव्युत्तर वर्गात पन्नासांमागे एक. हे आकडे आपल्या सभांमधून पुष्कळदा वाचले गेले, आणि वाचले जावेत. मात्र त्या एकाच्या मागे घरातले किती बसले, हे कोणत्याही अहवालात नसते. ते आपल्यालाच मोजावे लागते.

आता आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. चित्र उलटे झाले आहे. आमच्या दहावीच्या वर्गात मुलींची संख्या मुलांपेक्षा जास्त असते. मुलगा चौदा-पंधरा वर्षांचा झाला की यंत्रमागावर किंवा गॅरेजमध्ये जातो, आणि त्याच्या मजुरीवर बहीण अकरावी विज्ञानला प्रवेश घेते. मुली शिकतात याचा आम्हाला आनंद आहे. पण एका पिढीत बहिणीला उठवून भावाला बसवले आणि दुसऱ्या पिढीत भावाला उठवून बहिणीला, तर न्याय झाला असे म्हणता येत नाही. फक्त रांग बदलली.

म्हणून पालक दाखला मागायला आले की आम्ही दोन गोष्टी करतो. शिष्यवृत्तीचे, मुक्त विद्यालयाचे, रात्रशाळेचे जे काही मार्ग आहेत ते सांगतो. आणि त्या मुलाला समोर बसवून पालकांना विचारतो, ‘इससे पूछा है?’ बहुतेक वेळा उत्तर येत नाही. कधी दाखला मागे घेतला जातो, अनेकदा नाही. घरभाडे आमच्या प्रश्नाने भरले जात नाही. गेल्या वर्षी एक हुशार मुलगा असाच गेला. त्याची बहीण आज महाविद्यालयात आहे. उद्या ती विद्यापीठात जाईल, तिथे नव्या मैत्रिणी मिळतील, नवे विचार मिळतील, आणि ते तिने मनापासून घ्यावेत. तिने मान खाली घालून राहावे असे आम्ही तिला कधीच सांगणार नाही. सुट्टीत घरी आली की भावाजवळ बसून त्याला सुटलेली दहावी बाहेरून द्यायची आहे का, एवढे मात्र तिने विचारावे. तो कदाचित नाही म्हणेल. पण या वेळी त्याला कुणीतरी विचारलेले असेल.