बर्फातली मुदत ठेव

बँकेत वीस वर्षे काढलेल्या माणसाला दोनच गोष्टींची धास्ती असते : एक चोर आणि दुसरी न जुळणारा हिशेब. गेल्या उन्हाळ्यात धाकट्या बहिणीकडे इंग्लंडात, लीड्सला गेलो, आणि या दोन्ही गोष्टी एकाच घरात भेटल्या.

चोराचे नाव बंड्या. जात फेरेट. दिसायला मुंगसाचा मावसभाऊ. अंग लांबट, पाय आखूड आणि चेहरा कर्जाचा हप्ता नेमका आजच विसरलेल्या खातेदाराचा. पोलकॅट नावाच्या रानटी प्राण्यापासून माणसाने याला दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी माणसाळवला. बिळात सोडला की हा ससे बाहेर हुसकतो. फेरेट या शब्दाचे मूळ लॅटिनमध्ये आहे आणि अर्थ आहे 'छोटा चोर'. पहिल्याच दिवशी माझा उजवा मोजा सोफ्याखाली जमा झाला. पावती मिळाली नाही.

एका शनिवारी बहीण आणि मेव्हणे परगावी निघाले आणि बंड्या माझ्या हवाली झाला. आता आम्ही पिढीजात शाकाहारी. केकमध्ये अंडे आहे की नाही यावर आमच्या घरी अजून बैठक बसते. मी म्हटले, "अगं, एक दिवस याला वरणभात नाही का चालणार?"

"दादा, त्याचं आतडं केवढंसं! खाल्लेलं तीन-चार तासांत बाहेर. त्याला मांसच लागतं, आणि तेही थोडं थोडं, दिवसातून बऱ्याच वेळा."

मग तिने फ्रीझर उघडून दाखवला. उणे १८ अंशांत चपटी पाकिटे ओळीने रचलेली, प्रत्येकावर तारीख. मला एकदम आमचे मुदत ठेवींचे कपाट आठवले. फरक एवढाच की ही ठेव वाढत नाही, घटते. बर्फात जंतूंची वाढ थांबते, पण सगळे मरत नाहीत. म्हणून हात साबणाने धुवायचे. चरबी हळूहळू खवट होते, ई जीवनसत्त्व झिजते, थायमिन कमी होत जाते. म्हणून जुनी तारीख आधी वटवायची.

पाकिटे चपटी का, यालाही कारण होते. मांस लवकर गोठले तर बर्फाचे कण बारीक राहतात. जाड गोळा सावकाश गोठतो, कण मोठे होतात, पेशी फाटतात आणि वितळताना रस गळतो. टॉरिन आणि ब जीवनसत्त्वे पाण्यात विरघळणारी. ती त्या रसाबरोबर निघून जातात. टॉरिन नसेल तर मांजराच्या डोळ्यांचा पडदा झिजतो हे १९७५ साली कळले, आणि हृदयही दुबळे होते हे १९८७ साली. फेरेटचा जातिधर्म मांजराचाच, म्हणून त्याच्याही जेवणात टॉरिन राखावे लागते.

बहिणीने कागदावर कामांची यादी लिहून ठेवली होती. पाकीट रात्री वाडग्यात घालून फ्रिजमध्ये ठेवणे, ओट्यावर नव्हे. वितळलेले परत गोठवू नये. आणि शेवटचे : वाडग्यातले लाल पाणी मांसावर परत ओतणे. प्रत्येक कामापुढे खुणेसाठी चौकोन.

रविवारी सकाळी ते लाल पाणी पाहिले आणि माझ्या सात पिढ्या एकदम जाग्या झाल्या. डोळे मिटून मी ते सिंकमध्ये ओतले. मांस बंड्याला दिले. आणि चौकोनात बरोबरची खूण केली.

वरकरणी काय बिघडले? बंड्या पोटभर जेवला. बघणारे कोणी नव्हते. पण दिवसभर चैन पडेना. अहिंसा माझी, ती माझ्या ताटापुरती ठीक. ती बंड्याच्या ताटात वाढली की पुण्य माझ्या खात्यात जमा आणि रक्कम त्याच्या नावे! शिवाय पाकिटातल्या कोंबडीचा जीव आधीच गेला होता. तो कोणाच्या तरी अंगी लागायचा, तर त्यातला निम्मा अर्थ मी नळाखाली वाहवला. ही अहिंसा कसली? ही नुसती किळस. सोवळे नेसून आलेली.

आणि मला आई आठवली. भाताची पेज ओतून टाकली की ती म्हणायची, "अरे, सत्त्व त्यात असतं." आम्हाला मोकळा, पांढराशुभ्र भात हवा असायचा. तांदूळ चार पाण्यांनी धुवायचे, पेज मोरीत सोडायची आणि मग औषधाच्या दुकानात ब जीवनसत्त्वाच्या गोळ्यांसाठी रांग लावायची. म्हणजे सत्त्व ओतून टाकण्यात शाकाहारी-मांसाहारी असा भेद नाही. जे दिसायला चांगले ते आपण ठेवतो आणि कामाचे असते ते सोडून देतो. माणसांच्या बाबतीतही बहुधा हेच करतो.

संध्याकाळी बहीण परतली. मी कबुली दिली. ती हसली. "एका दिवसानं काही होत नाही रे त्याला." मग तिने कागद हातात घेतला, चौकोन पाहिला आणि सहज विचारले, "पण दादा, खूण का केलीस?"

कॅशमध्ये पाच रुपयांचा फरक आला म्हणून रात्री नऊपर्यंत शाखेत बसलेला माणूस मी. मला उत्तर देता आले नाही.

सोमवारी सकाळी वाडगा मीच घेतला. लाल पाणी मांसावर ओतले, डोळे उघडे ठेवून. वाटले तेवढे अवघड नव्हते. मग सोफ्याखाली हात घातला. मोजा होता तिथेच, जसाच्या तसा. चोराने ठेव नीट सांभाळली होती. खोटी नोंद निघाली ती कारकुनाची.