जळमटे आणि वाडवडिलांचा हिशेब

रमजान आठ-दहा दिवसांवर आला की मुंब्रा-कौसा, ठाण्याची राबोडी, कल्याणचा दूधनाका, सगळीकडे आमच्या घरांतून एकच काम निघते. लांब काठीला झाडू बांधायचा आणि छताच्या कोपऱ्यांतली जळमटे काढायची. जळमटांच्या घरात बरकत टिकत नाही, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. झाडून झाले की उपायांची पाळी. कडुलिंबाच्या वाळक्या पाल्याचा धूर, मगरिबनंतर लोबान, कपाटात कापूर, खिडकीच्या चौकटीवर लिंबाची साल, फरशी पुसायच्या पाण्यात सिरका. अलीकडे पुदिन्याचे तेलही आले आहे.

पण झाडू हातात देताना दादी बजावते, "जळमट काढ, कोळ्याला मारू नकोस. त्यानं हुजूरांना वाचवलंय."

ही हकिकत आपल्याला पाठ आहे. इ. स. ६२२ मधली हिजरत. पैगंबर साहेब आणि हजरत अबू बकर सौरच्या गुहेत. शोध घेणारे तोंडाशी येऊन ठेपले, पण तिथे कोळ्याचे जाळे अखंड दिसले आणि ते परत फिरले. कुरआनच्या सूरह तौबामध्ये त्या गुहेचा उल्लेख आहे, कोळ्याचा नाही. कोळी येतो तो रिवायतींमधून, आणि त्या रिवायतींच्या सनदीबद्दल आलिमांमध्ये मतभेद आहेत. कुरआनमध्ये कोळी येतो तो एकोणतिसाव्या सूरहमध्ये. तिचे नावच अल-अनकबूत. तिथे त्याचे घर सगळ्या घरांत कच्चे म्हटले आहे, तेही अल्लाहला सोडून दुसऱ्यांचा आसरा धरणाऱ्या माणसाला उपमा देण्यासाठी.

सनदीचा वाद बाजूला ठेवू. एका हकिकतीमुळे चौदाशे वर्षे एका क्षुद्र जिवाला अभय मिळाले, ही गोष्ट आम्हाला लहान वाटत नाही. प्रश्न पुढे आहे. त्याच घरात, त्याच भिंतीवर पाल दिसली की तीच दादी चप्पल उचलते. कारण? हजरत इब्राहीमांना आगीत टाकले तेव्हा पालीने त्या आगीला फुंकर घातली होती. हदीसच्या ग्रंथांत हा उल्लेख आहे. त्याचा अर्थ आणि मर्यादा आलिमांनी सांगाव्यात, तो आमचा अधिकार नाही. आम्ही बोलतो आहोत ते घरात मुरलेल्या सवयीबद्दल. आपल्या भिंतीवरचा कोळी सौरच्या गुहेत नव्हता. आपल्या भिंतीवरची पालही त्या आगीपाशी नव्हती. तरी एकाची जान बख्श आणि दुसरीला चप्पल. दोघांचाही निवाडा वाडवडिलांच्या हिशेबावर!

हा हिशेब आपल्या ओळखीचा नाही का? १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईतली कितीतरी कुटुंबे मुंब्र्याला आली. पुढे त्यांची मुले शिकली, नोकरीला लागली आणि ठाण्यात, डोंबिवलीत भाड्याचे घर बघायला गेली. खोली पसंत पडते, भाडे ठरते आणि मग नाव विचारले जाते. नाव ऐकल्यावर घरमालकाला अचानक आठवते की घर कालच दुसऱ्याला दिले. आम्ही जिने उतरतो तेव्हा मनात एकच असते. आम्ही काय केले? जे कोणी कधी काही केले असेल त्याचा जाब आम्हाला का? ज्याचे त्याचे पाप-पुण्य ज्याच्या त्याच्या खात्यावर, ही शिकवण कुरआनने एकाहून अधिक ठिकाणी दिली आहे. ती आपण इतरांना आवर्जून ऐकवतो.

कोणी म्हणेल, पाल कुठे आणि माणूस कुठे! खरे आहे, दोघांची बरोबरी होत नाही. पण जात बघून निवाडा करायची सवय कुठेतरी लागतेच. ती घरात लागते, मूल झाडू धरायला शिकते त्या वयात लागते.

मग जिवाशी कसे वागायचे? मांजरीला कोंडून उपाशी मारणाऱ्या बाईची हदीस आपल्याला माहीत आहे. त्या बाईला शिक्षा झाली ती तिच्या स्वतःच्या कृत्याची. मांजर कोणत्या कुळातली, हे तिथे कोणी विचारले नाही. आम्हाला हाच निकष योग्य वाटतो. घर स्वच्छ ठेवणे हा आपला हक्क आहे, नव्हे कर्तव्य आहे. कोळी नको असेल तर तो बाहेर जाईल असे करावे. आपल्या जुन्या उपायांचे मोल हेच की ते हाकलतात, मारत नाहीत. सगळेच लागू पडतात असेही नाही. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका परदेशी अभ्यासात तीन जातींचे कोळी तपासले. पुदिन्याच्या वर्गातल्या तेलापासून त्यांतल्या दोन जाती दूर राहिल्या. लिंबाच्या तेलाचा काहीच परिणाम दिसला नाही. खरा उपाय साधा आहे. दिव्याला किडे येतात, किड्यांमागे कोळी येतो. खिडकीला जाळी लावावी, भिंतीच्या फटी बुजवाव्यात, रात्री खिडकीजवळचा दिवा मालवावा. पाल येते तीही याच किड्यांसाठी. तिलाही हाच उपाय पुरतो, चप्पल लागत नाही.

याच ठाणे-कल्याण परिसरातून २०२१ साली उडी मारणाऱ्या कोळ्याची एक नवी जात नोंदवली गेली. संशोधकांनी तिला 'इसियस तुकारामी' हे नाव दिले, तुकाराम ओंबळे यांच्या स्मरणार्थ. २००८ च्या नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला झाला त्या रात्री गिरगाव चौपाटीवर या पोलिसाने अतिरेक्याच्या बंदुकीची नळी हातांनी धरून ठेवली, गोळ्या झेलल्या, पण ती सोडली नाही. ओंबळ्यांचे नाव राहिले ते त्यांच्या स्वतःच्या कृत्यामुळे. त्यासाठी कोणाला त्यांचे कूळ शोधावे लागले नाही.

यंदा रमजानच्या आधी झाडू मुलांच्या हाती देताना दादीचे वाक्य आपण थोडे वाढवू या. कोळ्याला मारू नकोस, त्याने वाचवले होते म्हणून. आणि पालीलाही मारू नकोस, तिने तुझे काही बिघडवलेले नाही म्हणून.