घंटा दिसेपर्यंत

बसा.

खोलीतला दिवा मालवा. खिडकीतून येतोय तेवढा उजेड पुरे.

संगणकावर एकच फोटो उघडा. बाकी सगळं बंद करा.

तुमचा एखादा फोटो मनात असेल तर तोच घ्या. नसेल, तर आत्तापुरता हा घ्या.

वाईजवळचं मेणवली. पावसाळ्यातली सकाळ. कृष्णेकाठचा नाना फडणविसांचा घाट. काळ्या दगडाच्या ओल्या पायऱ्या, त्यांवर शेवाळ. वर भरून आलेलं आभाळ. आणि एका लहानशा दगडी देवळात टांगलेली मोठी घंटा.

ही घंटा वसईची. 1739मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, तेव्हा तिथल्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांकडे आल्या. त्यांतली ही एक. तिच्यावर बाळ येशूला घेतलेल्या मेरीची उठावातली आकृती आहे.

फोटोत ती आकृती सावलीत बुडाली आहे. आहे, पण असून नसल्यासारखी.

ती कागदावर यावी, एवढंच आज हवं आहे. घरातल्या साध्या प्रिंटरवर. मोजक्या कागदांत.

घाई नाही.

एक श्वास आत घ्या. सावकाश सोडा.

आता बघा.

डोळे किलकिले करा.

बारकावे निघून जातात. पायऱ्यांचे सांधे, शेवाळ, पाण्याच्या रेघा, सगळं एकमेकांत मिसळतं. उरतात दोन-तीन मोठे आकार. एक गडद. एक उजळ. मधे पसरलेला करडा.

त्यात सगळ्यात काळं कुठे आहे?

शोधा. बोट ठेवा.

देवळाच्या आतला वरचा कोपरा. घंटेच्याही वर.

आता सगळ्यात पांढरं कुठे आहे?

पायरीवर पाणी साचलंय. त्यात आभाळाचा एक तुकडा पडलाय. तो.

फाइलमध्ये त्या काळ्याचा आकडा 0, निव्वळ पांढऱ्याचा 255. साध्या जेपेग फाइलमध्ये या दोहोंच्या मधे 254 करडे मावतात. घंटा त्यांच्यातच कुठेतरी आहे, काळ्याला अगदी खेटून.

तिच्यापाशी थांबा.

एक श्वास.

आणखी एक.

फोटो मूळचा रंगीत आहे. कागदावर तो कृष्णधवल हवा आहे. रॉ फाइल असेल तर उत्तमच. जिंप किंवा डार्कटेबल उघडा. दोन्हींना पैसे पडत नाहीत.

रंग एका झटक्यात काढून टाकू नका. चॅनल मिक्सर शोधा. लाल, हिरवा, निळा.

हिरवा हळूच वाढवा. जेवढा वाढवाल, तेवढा लाल कमी करा. तिघांची बेरीज शंभरच राहू द्या.

बघा. शेवाळ उजळतंय. शेजारचा राखाडी दगड जागचा हललेला नाही.

आता उलट करा. लाल वाढवा, हिरवा कमी करा.

शेवाळ अंधारतं. पायऱ्या जड होतात. आणि घंटेच्या तांबूस, तपकिरी अंगावर किंचित उजेड चढतो.

परत मागे. परत पुढे.

यातलं बरोबर कुठलं, हे आत्ता ठरवू नका. फक्त पुढेमागे करत राहा. घंटा कुठल्या क्षणी पुढे येते, तेवढं बघत राहा.

आला तो क्षण?

तिथे हात थांबवा.

आता थोडं मागे सरका. फोटो विसरा. नुसती स्क्रीन बघा.

तिच्या आतून प्रकाश येतोय.

कागदाच्या आतून काही येत नाही. त्याच्यावर पडलेला उजेड तो फक्त परत करतो. म्हणून स्क्रीनवर छान उजळ दिसलेला फोटो कागदावर काळवंडून येतो.

एक कोरा पांढरा कागद घ्या. खिडकीचा उजेड त्याच्यावर पडेल असा स्क्रीनशेजारी धरा. स्क्रीनवर रिकामं पांढरं पान उघडा.

ब्राइटनेस कमी करा.

आणखी कमी.

आणखी थोडा. दोन्ही पांढरे सारखे वाटेपर्यंत.

स्क्रीन मंद वाटते ना? वाटू द्या. डोळ्यांना सवय व्हायला वेळ लागतो. तो द्या.

आता घंटेकडे परत या. ती आणखी आत गेली आहे. कागदावर गेली असती तेवढीच आत.

शितावरून भाताची परीक्षा होते. एवढ्या छोट्या कामालाही आपण शीतच घेऊ.

एका ओळीत 21 चौकोन काढा. पहिला कोरा. दुसऱ्यात 5 टक्के काळं, तिसऱ्यात 10, असं करत शेवटच्यात 100.

शेवटचा प्रिंट ज्या कागदावर काढणार, त्याच्याच एका कडेला ही पट्टी छापा. उरलेला कागद कापून बाजूला ठेवा. तो लागेल.

पट्टी खिडकीशी न्या.

एकेका चौकोनावर नजर ठेवा. पुढच्यावर जायची घाई करू नका.

कोऱ्यात आणि 5मध्ये फरक दिसतो?

5 आणि 10?

मधले चौकोन शांत आहेत. पायऱ्या उतरल्यासारखे एकामागून एक खाली जातात. 40. 45. 50.

टोकाकडे या. आता अगदी सावकाश.

85.

90.

95.

100.

कुठेतरी दोन चौकोनांमधली कड हरवते. समजा, 95 आणि 100 एकच झालेत. या कागदावर, या शाईत, काळोख तिथे सुरू होतो. त्याच्या पलीकडे काही ठेवलं तरी दिसणार नाही.

95 टक्के काळं म्हणजे फाइलमध्ये साधारण 13.

घंटेवरच्या आकृतीवर कर्सर न्या. आकडे वाचा.

9. 11. 10.

फाइलमध्ये ती आहे. कागद तिच्यापर्यंत पोहोचत नाहीये.

घरी प्रिंटर नसेल तरी हीच पट्टी चालते. फोटोच्या खाली ती जोडा आणि जवळच्या लॅबमधून एक छोटा प्रिंट काढून घ्या. ऑटो करेक्शन लावू नका, एवढंच सांगा. मग पट्टी अशीच खिडकीशी न्या. लॅबच्या कागदाचा काळोख कुठे सुरू होतो, ते ती दाखवते.

1940च्या सुमारास लॉस एंजेलिसमधल्या आर्ट सेंटर स्कूलमध्ये अँसेल अ‍ॅडम्स आणि फ्रेड आर्चर हे छायाचित्रकार शिकवत होते. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतचा पल्ला त्यांनी अकरा झोनमध्ये वाटला, शून्यापासून दहापर्यंत.

ते फिल्मसाठी होतं. डोळ्यांना ते आजही उपयोगी पडतं.

शून्य म्हणजे निव्वळ काळा.

पाच म्हणजे मधला करडा, पडलेल्या उजेडातला सुमारे 18 टक्के परत करणारा.

तीन म्हणजे असा काळोख, ज्यात पोत दिसतो.

डोळे मिटा. तिसरा झोन मनात आणा. ओल्या दगडाची बाजू. केसांतली सावली. दिवा नसलेल्या माजघरातला कोनाडा. अंधार आहे, पण आत काय आहे ते कळतंय.

घंटेला त्या दिशेनं न्यायचं आहे.

डोळे उघडा.

कर्व्ह घ्या. सावल्यांचा भाग किंचित वर उचला.

आकृती वर येते. खांदा. बाळाचं डोकं.

पण कोपराही तिच्याबरोबर वर आला. सगळा फोटो फिका पडला.

मागे घ्या.

कोपऱ्याला काळाच राहू द्या. घंटेपुरता मास्क करा आणि तेवढाच भाग उचला. डार्करूममध्ये हे काम हातानं व्हायचं. एन्लार्जरच्या उजेडात तळहात हलवत धरायचा, म्हणजे कागदाच्या तेवढ्या भागावर प्रकाश कमी पडायचा आणि तो भाग उजळ निघायचा.

तसंच करा. हलक्या हातानं.

25च्या आसपास आणा. 30. 35.

तिन्ही ठेवा. निवडू नका.

एक ए4 कागद घ्या. त्याचे चार तुकडे करा. चार ए6 झाले.

संपूर्ण फोटो छापायचा नाही. घंटेचा भाग तेवढा घ्या, पण शेवटच्या प्रिंटमध्ये तो जेवढा दिसेल तेवढ्याच आकारात. ए4 प्रिंटला इंचाला 300 पिक्सेल धरले तर 2480 गुणिले 3508 पिक्सेल लागतात. तेवढे आजच्या बहुतेक फोनमध्येही असतात. त्याची काळजी नको.

कागद मॅट असू द्या. स्वस्तातला चालेल, पण इंकजेटसाठी लेप दिलेला हवा. साध्या झेरॉक्सच्या कागदात शाई आत मुरते आणि पसरते. काळा मलूल होतो.

पहिला तुकडा. आकृती 25वर.

दुसरा, 30वर.

तिसरा, 35वर.

चौथ्यावर 30चीच फाइल, पण प्रिंटरच्या पर्यायांत ग्रेस्केल लावून.

प्रत्येकाच्या मागे छापण्याआधीच पेन्सिलीनं आकडा लिहा.

प्रिंटरचा आवाज ऐका. डोकं डावीकडून उजवीकडे जातं. कागद थोडा पुढे सरकतो. पुन्हा डावीकडून.

वाट बघा. ओढू नका.

तुकडा हातात आला. ओला नाही वाटत, पण पुरता वाळलेलाही नाही.

आता काहीही करू नका.

चारही तुकडे टेबलावर वेगवेगळे पसरा. एकावर एक ठेवू नका. शाई स्थिरावायला वेळ लागतो. ताज्या प्रिंटचा काळा आणि वाळलेल्या प्रिंटचा काळा सारखा नसतो.

उठा. चहा करा. बाहेर जाऊन या. जमलं तर उद्यापर्यंत थांबा.

या थांबण्याला काही पडत नाही. पुढचे कितीतरी कागद त्यानं वाचतात.

आता पुन्हा बसा.

तुकडे खिडकीशी न्या. ऊन थेट पडू देऊ नका. उजेड पुरे.

पहिल्यात आकृती अजून आत आहे.

तिसऱ्यात ती पूर्ण बाहेर आली आहे. इतकी, की देवळातला अंधार खरा वाटत नाही.

दुसऱ्यापाशी थांबा.

आधी घंटेची कड दिसते. मग तिचा फुगवटा. मग, नजर हलवली नाही तर, खांदा.

थोडं आणखी थांबा.

बाळ.

आता चौथा तुकडा शेजारी ठेवा. भिंग असेल तर घ्या. दुसऱ्या तुकड्यातल्या करड्यात ठिपके दिसतील: निळसर, किरमिजी, पिवळे. साधा प्रिंटर बहुतेक वेळा करडा असा रंगांतून विणतो. काही प्रिंटर चकचकीत कागदावर तर काळी शाई घेतच नाहीत, काळाही रंगांतूनच जुळवतात.

चौथ्यात, तुमचा प्रिंटर तसा असेल तर, बहुतेक ठिपके काळेच दिसतील. उजळ भागात ते विरळ होतात, जरा खरखरीत वाटतात.

भिंग बाजूला ठेवा. हातभर लांबून बघा. खरखर दिसते का? की गेली?

दोन्ही तुकडे उचला. संध्याकाळ होऊ द्या. ट्यूबलाइटखाली न्या.

दुसऱ्याकडे बघा. सकाळचा करडा तसाच आहे? की कुठे हिरवट, कुठे गुलाबी झाक आली?

रंगांतून विणलेला करडा उजेड बदलला की झाक बदलतो. निव्वळ काळ्या शाईतला फारसा बदलत नाही.

तुमचा प्रिंट कुठल्या भिंतीवर लागणार आहे? तिथे दिवसा काय उजेड असतो? रात्री कुठला दिवा लागतो?

त्या भिंतीशी जा. तुकडे तिथे धरा.

भिंतीजवळ जो करडा वाटेल, तो तुमचा.

आता, आणि आत्ताच, एक पूर्ण ए4 छापा. चहूकडे पांढरी कड सोडा. वाळू द्या.

मग घरात कुणाला तरी दाखवा.

कसा झालाय, असं विचारू नका. आधी नजर कुठे गेली, एवढंच विचारा. आणि उत्तर येईपर्यंत गप्प राहा.

'पाण्यात' असं म्हणाले, तर पायरीवरच्या पाण्यातलं आभाळ थोडं खाली उतरवा, 240च्या आसपास. आणि आणखी एक ए6 छापून बघा.

'घंटेवर कुणी बाई आहे का?' असं म्हणाले, तर कागदाचं नाव, प्रिंटरचं सेटिंग आणि घंटेचा आकडा मागे पेन्सिलीनं लिहून ठेवा. पुढच्या फोटोची पट्टी तुम्हाला पुन्हा छापावी लागणार नाही.