शिकाऊ हाती मन सोपवताना

'पर्यवेक्षक' हा शब्द कानी पडला की आपल्यापैकी बहुतेकांना परीक्षेचा वर्ग आठवतो. बाकांच्या रांगांतून हलक्या पावलांनी फिरणारे, उत्तरपत्रिकेखाली दडवलेली चिठ्ठी हुडकणारे गुरुजी डोळ्यांपुढे उभे राहतात. पर्यवेक्षण म्हणजे पाळत आणि पाळत म्हणजे अविश्वास, हे समीकरण त्या वयापासून आपल्या मनात रुजलेले असते. म्हणूनच मानसोपचाराच्या क्षेत्रात नव्याने पाऊल टाकणाऱ्या समुपदेशकाला आपल्या रुग्णांविषयी एखाद्या अनुभवी व्यक्तीसमोर बसून नियमितपणे बोलावे लागते, हे कळल्यावर आपल्या मनात दोन शंका एकदमच उभ्या राहतात. ज्याला स्वतःचे काम दुसऱ्याकडून तपासून घ्यावे लागते, त्याच्या हाती आपण आपले मन सोपवावेच का? आणि विश्वासाने सांगितलेली गोष्ट तो तिसऱ्याच्या कानी घालणार असेल, तर त्या विश्वासाला अर्थ तो काय उरला?

ह्या शंका क्षुल्लक नाहीत. परीक्षेच्या धास्तीने खचलेली मुले, दारूने पोखरलेले संसार, मुले परदेशी गेल्यावर रित्या घरात दिवस मोजणारे आईवडील ही दृश्ये आपल्या धर्मग्रामांना नवीन राहिलेली नाहीत. आम्ही धर्मगुरूही अशा कुटुंबांना 'एकदा समुपदेशकाला भेटा' असे सुचवू लागलो आहोत. २०१५-१६ साली झालेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात असे आढळले की, निरनिराळ्या मानसिक आजारांनी ग्रासलेल्यांपैकी ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोहोचतच नाहीत. एवढी मोठी दरी बुजवायची तर नवे उपचारक घडले पाहिजेत; आणि नवा उपचारक घडायचा तर त्याने खऱ्या माणसांच्या खऱ्या दुःखावर काम केले पाहिजे. लाकडावर रंधा मारताना शिकाऊ सुताराचा हात चुकला, तर एक फळी वाया जाते. येथे मात्र चूक माणसाच्या काळजावर उमटते. तेव्हा प्रश्न उरतो तो असा : कुणाला तरी शिकता यावे म्हणून दुःखी माणसाचे मन त्याच्या हाती देणे न्याय्य आहे काय?

आमच्या मते त्याचे उत्तर एका अटीवर होकारार्थी आहे. ती अट अशी की, शिकणारा एकटा असता कामा नये.

ही अट मान्य व्हायला काही काळ जावा लागला. १९२० साली बर्लिनमध्ये मनोविश्लेषणाचे एक चिकित्सालय सुरू झाले. तेथे मॅक्स आयटिंगॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शिक्षणाची तीन अंगे ठरवली : शिकणाऱ्याने स्वतःच्या मनाचे विश्लेषण करून घ्यावे, शास्त्राचा अभ्यास करावा, आणि पहिल्या रुग्णांवरचे उपचार ज्येष्ठाच्या देखरेखीखाली करावेत. ह्या तिसऱ्या अंगातून आजचे पर्यवेक्षण आकाराला आले.

त्याच दशकात अमेरिकेत आणखी एक प्रयोग झाला, आणि ईशज्ञानाच्या वर्गात बसलेल्या आम्हा मंडळींना तो अधिक जवळचा वाटतो. अँटन बॉयसन हे प्रॉटेस्टंट पाळक १९२० साली तीव्र मानसिक आजाराने मनोरुग्णालयात दाखल झाले. बरे झाल्यावर ते १९२४ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील वूस्टर येथील सरकारी मनोरुग्णालयात चॅप्लिन झाले, आणि १९२५ च्या उन्हाळ्यात त्यांनी ईशज्ञानाचे काही विद्यार्थी तेथे शिकायला बोलावले. त्या विद्यार्थ्यांनी वॉर्डांत सेवकाचे काम करायचे, रुग्णांच्या सहवासात राहायचे, जे पाहिले ते लिहून आणायचे आणि त्यावर सर्वांनी मिळून विचार करायचा, अशी ती पद्धत होती. ग्रंथ जसा लक्षपूर्वक वाचावा, तसा दुःखी माणूस समजून घ्यावा, ही बॉयसन यांची धारणा होती. पुढे १९३० च्या दशकात रसेल डिक्स ह्यांनी रुग्णाशी झालेले संभाषण शब्दशः लिहून काढण्याची रीत घालून दिली. 'रुग्ण असे म्हणाला, मी असे म्हणालो' असा तो कागद मार्गदर्शकापुढे ठेवायचा. वाचायला सोपा वाटतो. पण मार्गदर्शक एखाद्या ओळीवर बोट ठेवून विचारतो, 'बाई मुलाच्या मरणाविषयी बोलू लागल्या, तेव्हा तुम्ही हवापाण्याचा विषय का काढलात?' आणि लिहिणाऱ्याला उमगते की, दुःख ऐकवत नव्हते ते आपल्याला.

पर्यवेक्षणाचे मर्म ह्या एका प्रश्नात आहे. आपला डोळा सारे जग पाहतो, पण स्वतःला पाहायला त्याला आरसा लागतो. शिवाय आपली आठवणही निःपक्षपाती नसते. आपण बोललो ते आपल्याला बहुधा अधिक समंजस शब्दांत आठवते. म्हणूनच कार्ल रॉजर्स ह्यांनी उपचाराच्या बैठकी ध्वनिमुद्रित करण्यास आरंभ केला आणि १९४२ च्या आपल्या ग्रंथात एका रुग्णाच्या साऱ्या बैठकींचा संवाद जसाच्या तसा छापला. बंद दाराआड काय घडते ते प्रथमच इतक्या स्वच्छपणे अभ्यासता आले.

एक उदाहरण घेऊ. समजा, एक तरुण समुपदेशिका आहे. तिच्याकडे एक गृहिणी येते. नवरा पितो, घरखर्चाला पैसे देत नाही. 'आता तुम्हीच काय ते करा' हे तिचे पालुपद. समुपदेशिका कळवळते. रात्री-अपरात्री फोन घेते, बाईंच्या भावाशी बोलते, नोकरीसाठी चार ठिकाणी शब्द टाकते. तीन महिने उलटतात, बाई आहेत तिथेच. पर्यवेक्षकासमोर बसल्यावर हीच हुशार मुलगी म्हणते, 'सर, आता तुम्हीच सांगा, मी काय करू?' हे वाक्य कुणाचे, हे कसलेल्या पर्यवेक्षकाच्या ध्यानी येते. रुग्णाची असहायता उपचारकाच्या खांद्यावर बसून त्याच्या खोलीत आलेली असते. उपचारक आणि रुग्ण यांच्या नात्यातील गाठ, उपचारक आणि पर्यवेक्षक यांच्या नात्यात अशी पुन्हा पडते, हे अमेरिकन मनोचिकित्सक हॅरल्ड सर्ल्स ह्यांनी १९५५ साली दाखवून दिले. येथे पर्यवेक्षकाने घाईने तोडगा सांगितला, तर तोही त्याच गाठीत अडकतो. तो थांबला आणि 'तुम्हाला हे इतके हतबल का करते?' असे विचारता झाला, तर मुलगी स्वतःकडे पाहू लागते. पुढच्या बैठकीत ती बाईंना त्यांचा निर्णय त्यांना घेऊ देईल. दयेपोटी आपण दुसऱ्याचे बळ काढून घेत होतो, हे कळणे हा नैतिक शिक्षणाचाच भाग आहे.

ब्रिटनमधील ब्रिजिड प्रॉक्टर ह्यांनी पर्यवेक्षणाची तीन कार्ये सांगितली आहेत : काम नीतिनियमांच्या चौकटीत राहते की नाही हे पाहणे, उपचारकाचे कौशल्य वाढवणे, आणि दुसऱ्यांची दुःखे वाहून थकलेल्या उपचारकाला पुन्हा उभारी देणे. परीक्षेच्या वर्गातील गुरुजींशी ह्यांतील पहिल्याच कार्याचे थोडेफार साम्य आहे. उरलेली दोन आईच्या किंवा गुरूच्या मायेची आहेत. ब्रिटनमधील समुपदेशकांची प्रमुख संघटना तर आपल्या अधिस्वीकृत सदस्यांना, ते कितीही अनुभवी असोत, दरमहा किमान दीड तास पर्यवेक्षण सक्तीचे करते. केस पिकले म्हणजे आरशाची गरज संपली, असे ती मानत नाही.

आता दुसरी शंका : गुपिताचे काय? आपल्या वाचकांच्या मनात येथे एक गल्लत होण्याचा संभव आहे. पापनिवेदनात ऐकलेल्या गोष्टीवर ख्रिस्तसभेच्या कायद्याने अभेद्य मोहर लावलेली आहे. निवेदन करणारा उघड होईल अशा रीतीने धर्मगुरूला जिवाच्या भीतीनेही शब्द काढता येत नाही. समुपदेशकाकडे सांगितलेली गोष्ट गोपनीय असते, पण तिला ही मोहर नसते. आपल्याकडील २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. त्याचबरोबर उपचारासाठी दुसऱ्या मानसिक आरोग्य व्यावसायिकाला माहिती देणे, किंवा अन्य व्यक्तीला इजेपासून वाचवण्यासाठी आवश्यक तेवढे सांगणे, असे अपवादही ठेवले आहेत.

तरीही कायद्याने मुभा दिली म्हणून नीतीचा प्रश्न मिटत नाही. दुसऱ्याचे गुपित ही ठेव आहे. ठेव सांभाळणाऱ्याने ती मालकाच्या हितासाठी जाणकाराला दाखवणे वेगळे आणि चव्हाट्यावर मांडणे वेगळे. ह्या दोहोंमधील सीमारेषा तीन गोष्टींनी आखली जाते. रुग्णाला आरंभीच सांगावे की, 'मी शिकत आहे, तुमच्याविषयी माझ्या मार्गदर्शकांशी बोलेन.' बोलताना नावगाव आणि ओळखीच्या खुणा शक्य तितक्या झाकाव्यात. आपल्या गावांत तर आडनाव आणि आळी सांगितली की माणूस ओळखू येतो, तेव्हा येथे दुप्पट दक्षता हवी. आणि पर्यवेक्षकानेही ती गोष्ट तितक्याच कसोशीने जपावी. ह्यांतील पहिली गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. रुग्णाला अंधारात ठेवून त्याच्यावर शिकणे म्हणजे त्याला साधन बनवणे होय. त्याला सांगितले, त्याने होकार दिला, म्हणजे तो त्या शिक्षणाचा दाता होतो.

एक आक्षेप मात्र उरतोच. पर्यवेक्षकच चुकला तर? १९६९ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील रुग्णालयात एका भारतीय विद्यार्थ्याने आपल्या मानसोपचारकाला सांगितले की, आपण एका तरुणीला ठार मारणार आहोत. उपचारकाने सहकाऱ्यांशी विचारविनिमय करून विद्यापीठाच्या पोलिसांना कळवले. पोलिसांनी त्याला ताब्यात घेतले, पण तो भानावर दिसतो म्हणून सोडून दिले. त्यानंतर उपचारकाच्या वरिष्ठांनी त्याला ताब्यात घेण्यासाठी आणखी काही करू नये, असा आदेश दिला. तरुणीला वा तिच्या घरच्यांना कुणीच सावध केले नाही. २७ ऑक्टोबर १९६९ रोजी तात्याना तारासॉफ ह्या तरुणीची हत्या झाली. तिच्या आईवडिलांनी दाद मागितली, आणि १९७६ साली कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, ज्याच्या जिवाला धोका आहे त्याच्या रक्षणासाठी वाजवी काळजी घेण्याचे कर्तव्य उपचारकावर असते.

ह्या प्रकरणापासून घेण्याजोगा धडा असा की, वरिष्ठांचा शब्द आपल्या विवेकबुद्धीची जागा घेऊ शकत नाही. पर्यवेक्षण जबाबदारी वाटून घेते, ती पुसून टाकत नाही. शिकणाऱ्याने नम्रपणे ऐकावे, तसेच गरज पडेल तेव्हा नम्रपणे 'मला हे पटत नाही' असेही म्हणावे. आणि जो पर्यवेक्षक हे वाक्य ऐकून घेऊ शकत नाही, त्याच्यापुढे शिकणारा आपल्या चुका लपवू लागतो. चुका लपल्या की पर्यवेक्षणाचा केवळ सोपस्कार उरतो आणि त्याचे मोल रुग्ण मोजतो.

वाचकहो, ह्या साऱ्या विवेचनाचा आपल्या घराशी काय संबंध, असे आपण विचाराल. संबंध आहे. उद्या आपल्या मुलीला, भावाला किंवा आपल्याला स्वतःला समुपदेशकाची पायरी चढावी लागेल. तेव्हा संकोच न करता विचारावे, 'आपण कुणाच्या देखरेखीखाली काम करता?' ह्या प्रश्नाने कुणाचा अपमान होत नाही. 'होय, मी माझ्या मार्गदर्शकांशी नियमित बोलतो' असे उत्तर आले, तर माणूस कच्चा आहे असे समजून पाठ फिरवू नये. 'मला कुणाची गरज नाही' असे ऐकू आले, तर मात्र दोनदा विचार करावा. आणि आपल्याच धर्मग्रामातील कुणी तरुण ही सेवा पत्करू पाहत असेल, तर पदवीच्या प्रमाणपत्राइतकीच त्याच्या मार्गदर्शकाचीही चौकशी करावी. दुसऱ्याचे ओझे उचलायला निघालेल्या त्या पोराला आपले ओझे कुठे उतरवायचे हे ठाऊक असले, तरच तो ह्या वाटेवर दूरवर चालेल, आणि त्याच्या भरवशावर आलेली माणसेही सुखरूप राहतील.