नवे आणि जुने : घराच्या मांडणीतील विवेक

घराची सजावट हा रुचीचा प्रश्न आहे, नीतीचा नव्हे, असे सामान्यपणे मानले जाते. भिंतीला कोणता रंग द्यावा हे सांगायला धर्मशास्त्र लागत नाही, हेही खरे. परंतु वाडवडिलांचे बैठे घर मोडून आपण सदनिकेत राहावयास जातो, तेव्हा शिसवी पेटारा, वेताची आरामखुर्ची, पितळी हंडा आणि आल्तारावरचा जुना क्रूस यांचे काय करावे, हे केवळ रुचीच्या आधारे ठरवता येत नाही. वसईपासून मुंबईच्या उपनगरांपर्यंत आपल्या अनेक कुटुंबांवर हा प्रसंग आला आहे.

याची दोन उत्तरे प्रचारात आहेत. जुने ते सारे अडगळ, हे पहिले. त्यानुसार हंडा वजनावर मोडीत जातो आणि पेटाऱ्याच्या जागी सनमायका लावलेले प्लायवूडचे कपाट येते. जुने तेवढे प्रतिष्ठेचे, हे दुसरे उत्तर. त्यानुसार आजीच्या जात्यावर काच ठेवून चहाचे टेबल बनते आणि पाहुण्यांकडून वाहवा मिळते. पहिल्याला वस्तूचे वजन दिसते, दुसऱ्याला तिचा देखावा. ती कोणाच्या हातची होती आणि आज कोणाच्या उपयोगी पडेल, हे दोघेही विचारीत नाहीत.

संत मत्तयच्या शुभवर्तमानाच्या १३व्या अध्यायात प्रभू येशू एका गृहस्थाचा दाखला देतो. तो आपल्या भांडारातून नव्या आणि जुन्या वस्तू बाहेर काढतो. हा दाखला अर्थातच स्वर्गराज्याच्या शिकवणुकीविषयी आहे, लाकूडसामानाविषयी नाही. तरीही त्यातील गृहस्थाची रीत आम्हांला अर्थपूर्ण वाटते. तो वस्तू बाहेर काढतो ती घराच्या गरजेसाठी. आणि त्याच्या भांडारात नव्यालाही जागा आहे.

या कसोटीने पाहिले तर पुष्कळ गुंता सुटतो. खुर्चीचे फाटलेले वेत पुन्हा विणता येते. लाकडात लाकूड बसवून केलेला सागवानी सांधा कुशल सुतार उकलून पुन्हा घट्ट करतो. उलट पावसाळ्यात पाणी मुरून फुगलेले हलके प्लायवूड सहसा टाकूनच द्यावे लागते. म्हणजे जुनी वस्तू अनेकदा भावनेपोटी नव्हे, तर गुणांवर आपली जागा मिळवते. मात्र संधिवाताने गुडघे आखडलेल्या आईला उंच शिसवी पलंगावर चढावयास लावणे ही परंपरेची सेवा नव्हे. तेथे नवा, बेताच्या उंचीचा पलंग आणणे हाच धर्म होय. आणि वेत तुटेल म्हणून नव्याने पॉलिश केलेल्या आरामखुर्चीत घरातल्या म्हातारीलाच बसू न देणाऱ्या घराने खुर्ची राखली खरी, पण जिच्यासाठी ती राखावयाची तिलाच बाजूला सारले.

दुसरी कसोटी सत्याची. जुन्या नमुन्यावर नवी खुर्ची घडविणे ही कारागिरी आहे, तीत काही गैर नाही. परंतु नव्या लाकडाला मुद्दाम काळवंडून, घासून ते शंभर वर्षांचे म्हणून विकणे ही फसवणूक आहे. आणि ते विकत घेऊन पणजोबांचा वारसा म्हणून मिरविणे, हीसुद्धा.

पवित्र वस्तूंच्या बाबतीत तर निवडीला मर्यादाच आहे. १९८३च्या ख्रिस्तसभेच्या कायदेसंहितेतील ११७१वे कलम सांगते की, उपासनेसाठी समर्पण किंवा आशीर्वादाने वेगळ्या केलेल्या पवित्र वस्तू आदराने हाताळाव्यात आणि खाजगी मालकीच्या असल्या तरी त्यांचा लौकिक वा अनुचित वापर करू नये. दिवाणखान्यात मद्याच्या बाटल्यांशेजारी शोभेसाठी ठेवलेली संतांची लाकडी मूर्ती पाहून आम्हांला या कलमाची आठवण होते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनेही उपासनाविधीवरील १९६३च्या संविधानात पवित्र साहित्य व मौल्यवान कलाकृती विकल्या वा गहाळ होऊ नयेत, असे धर्माधिकाऱ्यांना बजावले होते. गोव्यात १९९४ साली राशोलच्या सेमिनरीत सुरू झालेले आणि २००२मध्ये जुन्या गोव्यातील सांता मोनिका मठात हलविलेले ख्रिस्ती कला संग्रहालय अशा ठेव्याला योग्य घर देते.

यावर कोणी म्हणेल, वस्तूंत जीव गुंतवू नये हीच तर सुवार्तेची शिकवण. आक्षेप योग्य आहे. दोन खोल्यांच्या घरात सारे काही राखता येत नाही आणि राखण्याचे बंधनही नाही. पण अनासक्ती म्हणजे बेपर्वाई नव्हे. भावाबहिणींना न विचारता वडिलार्जित पेटारा परस्पर विकणारा अनासक्त नसतो, तो दुसऱ्याच्या वाट्याचे देऊन टाकीत असतो. आधी सर्वांना विचारावे, ज्याला गरज आहे त्याला द्यावे, विकलेच तर आलेली रक्कम उघडपणे वाटून घ्यावी आणि आशीर्वादित वस्तूंबद्दल आपल्या धर्मगुरूंचा सल्ला घ्यावा.

अशा विचाराने मांडलेल्या घरात नव्या पांढऱ्या कपाटावर पणजीचा काळपट क्रूस शोभेल का, याची चिंता उरत नाही. सायंकाळी मुले त्याच्यापुढे जपमाळेसाठी गुडघे टेकीत असतील, तर तो त्याच्या जागी आहे.